एल्क पडल्यावर काय?

ऑक्टोबरच्या शेवटाला कोलोरॅडोत रायफलने शिकार करायचा दुसरा सीझन उघडतो, आणि या वर्षी त्यातले काही दिवस मी दहा हजार फुटांवर नॅशनल फॉरेस्टमध्ये तंबू टाकून एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, मागे असणार आहे. पहिल्यांदाच. गाईड नाही, घोडे नाहीत, पाठीवर असेल तेवढंच सामान, आणि सोबतीला ऑफिसमधला एक जण, जो वेस्टर्न स्लोपवर, म्हणजे राज्याच्या डोंगराळ पश्चिम भागात, लहानाचा मोठा झालाय आणि शाळेत असल्यापासून हे करतोय. हे कळल्यापासून प्रत्येकजण मला एकच विचारतो की बंदूक कुठली घेतलीस. त्याने मात्र बंदुकीचं नावच काढलं नाही. लंचला बसलो होतो, त्याने विचारलं, एल्क पडल्यावर काय करणार?

मी म्हटलं काय करणार म्हणजे, आणणार. त्याने पेपर नॅपकिन ओढला आणि हिशोब मांडला. मोठा बुल म्हणजे नर, साधारण सातशे पाउंड, तीनशे किलोच्या वर. आपलं सांबर आठवा, त्याच्याच भाऊबंदांतला प्राणी, फक्त इथला नर बहुतेक सांबरांना मागे टाकेल. हाडं काढून नुसतं मांस घेतलं तरी दोनशे पाउंडाच्या पुढे जातं. माणूस डोंगरात एका खेपेला पन्नास-साठ पाउंड नीट उचलतो, त्याच्यावर गेला तर गुडघे बोलायला लागतात. म्हणजे चार खेपा. गाडी तीन मैलांवर असेल आणि तू एकटा असशील तर चार वेळा बाहेर आणि तीन वेळा परत आत, एकवीस मैल झाले, त्यातले बारा मैल ओझ्यासकट, दहा हजार फुटांवर, आणि तुझा तंबू अजून आतच आहे. दोघं असलो तर माणशी नऊ मैल. आणि मग म्हणाला, आता सांग कुठे जायचं ते.

त्या दिवसापासून सगळी तयारी मी उलट्या टोकाने करतोय. जनावर खाली पडलंय असं धरायचं आणि तिथून मागे यायचं. टॅग (म्हणजे एका जनावराचा परवाना) कुठला, जागा कुठली, पाय किती तयार पाहिजेत, किती यार्डांवरून गोळी झाडायची, आणि कधी झाडायचीच नाही, हे सगळं तिथून ठरतं. इंटरनेटवर नवशिक्यांसाठी जे काय लिहिलेलं असतं ते नव्वद टक्के बंदूक, कॅमो आणि बुलला हाक कशी मारायची यावर असतं. ते वाचायला मजा येते, नाही असं नाही.

आधी टॅगचं सांगतो कारण त्यात बरेच देशी लोक गडबडतात. कोलोरॅडोत एल्क अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहेत, सुमारे २ लाख ८० हजार. तरीही तुम्ही उठलात आणि बंदूक घेऊन गेलात असं होत नाही. राज्याचे तुकडे पाडलेत, त्यांना युनिट म्हणतात, प्रत्येक युनिटला, प्रत्येक सीझनला, नर-मादीला वेगळे टॅग, आणि बरेचसे टॅग लॉटरीने मिळतात ज्याला इथे ड्रॉ म्हणतात. ड्रॉचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतो. म्हणजे ऑक्टोबरच्या शिकारीचा विचार थंडीतच करायला लागतो. आणि अर्जाच्या आधी हंटर एज्युकेशनचं कार्ड पाहिजे. १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे, म्हणजे आपण सगळेच आलो. मी कोर्स केला तेव्हा वर्गात निम्मी मुलं दहा-बारा वर्षांची होती आणि उत्तरं माझ्याआधी देत होती.

काही टॅग ड्रॉशिवाय सरळ काउंटरवरही मिळत आलेत, पण ते दार हळूहळू बंद होतंय. २०२५ पासून बाहेरच्या राज्यातल्या धनुष्यबाणवाल्यांसाठी बहुतेक भागात ते बंदच झालं. त्यामुळे मागच्या वर्षी अमुकने असं केलं होतं यावर जाऊ नका, त्या वर्षीचं ब्रोशर उघडून स्वतः वाचा. रेसिडेंट आणि बाहेरचा यात पैशाचा फरकही जबरदस्त आहे. इथे सलग सहा महिने राहिलेल्याला एल्कचा टॅग शंभर डॉलरच्या आत पडतो, बाहेरच्याला बुलच्या टॅगसाठी त्याच्या कित्येक पट मोजायला लागतात.

आणि व्हिसाचं. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. एच वन बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगायलाच मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं वैध हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. मी वकील नाहीये, आणि इमिग्रेशनच्या बाबतीत मित्राच्या मित्राने सांगितलं यावर चालणारा माणूस मूर्ख असतो, तेव्हा ज्याला करायचंय त्याने आधी वकिलाला विचारावं आणि मग दुकानात जावं.

मी काऊचा, म्हणजे मादीचा टॅग भरला. ऑफिसमधल्या बाकीच्यांना ते फारसं पटलं नाही, भिंतीवर शिंगं कशी लावणार वगैरे. पण नॅपकिनवरच्या हिशोबाकडे बघा की. मादी साधारण पाचशे पाउंड, हाडं काढून दीडशे पाउंडाच्या आसपास मांस, म्हणजे दोघांमध्ये सरळ एक खेप कमी. मांस खायला चांगलं असतं असं सगळे जुने लोक सांगतात. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटी बुलांचा माज संपलेला असतो, सप्टेंबरमध्ये जे डोंगर दणाणून सोडतात ते आता झिजलेले, गप्प, दाट काळ्या झाडीत एकेकटे पडून असतात. माद्या कळपात असतात, त्यांना खायला बाहेर यायलाच लागतं. बुलच्या टॅगवर बऱ्याच युनिटमध्ये शिंगाची अटही असते, एका बाजूला चार टोकं किंवा कपाळावरचं टोक पाच इंच, आणि ते पहाटेच्या उजेडात दुर्बिणीतून मोजत बसायची माझी पहिल्या वर्षी तरी इच्छा नाही.

काऊ टॅगचा एक धोका मात्र आहे, मूस. कोलोरॅडोत मूस १९७८ मध्ये युटाहून आणून सोडले, ते इतके छान रमले की आता एल्कच्या बऱ्याच जंगलात भेटतात. आणि दरवर्षी कोणीतरी मूसच्या मादीला एल्कची मादी समजून मारतंच. हंटर सेफ्टीच्या वर्गात यावर वेगळा तास होता. एल्कची मान गडद, अंग फिकं, ढुंगण पिवळसर पांढरं. मूस सगळीकडून काळपट तपकिरी, नाक लोंबतं, खांद्यावर उंचवटा. फोटोत हा फरक आंधळ्यालाही दिसतो. झाडीत अर्धं शरीर दिसत असताना दिसेलच असं नाही, म्हणून नियम असा की ढुंगण दिसलं नाही तर बोट ट्रिगरवर नाही.

आता जागा. उन्हाळाभर माझ्या संध्याकाळी नकाशावर गेल्या. इथे त्याला ई-स्काउटिंग म्हणतात, म्हणजे सॅटेलाइटचा फोटो आणि कंटूर (समान उंचीच्या) रेषा समोर ठेवून जनावरासारखा विचार करायचा. ऑक्टोबरच्या शेवटी त्याला चारा पाहिजे, पाणी पाहिजे आणि दिवसा पडून राहायला दाट सावली पाहिजे. उत्तरेकडच्या उतारावर झाडी दाट असते, त्यात अधेमधे जिथे कंटूर रेषा लांब लांब जातात तिथे सपाट पायऱ्या असतात, एल्क तिथे बसतात. त्याच्या जवळ गवताळ मोकळी जागा असेल तर पहाटे आणि संध्याकाळी ते तिथे येणार. दोन शिखरांमधली खिंड असेल तर तिथून पलीकडे जाणार. असे सगळे मुद्दे टाकत गेलो की नकाशावर टाचण्या जमतात, मग त्यातल्या अर्ध्या मोटारच्या रस्त्याला फार जवळ म्हणून काढायच्या, कारण सीझनच्या पहिल्याच सकाळी रस्त्याकडेचे एल्क माणसांच्या वासाने आत पळतात किंवा खाजगी रानात जाऊन बसतात, जिथे तुम्ही कुंपणाबाहेरून फक्त बघू शकता. त्यासाठी जमिनीच्या मालकीच्या रेषा दाखवणारं ॲप फोनमध्ये पाहिजेच, आणि नकाशे आधीच ऑफलाइन उतरवून ठेवायचे, वर सिग्नल नसतो.

पण आत म्हणजे किती आत? इथे परत नॅपकिन. मला आधी वेमिन्यूच विल्डरनेस (विल्डरनेस म्हणजे कायद्याने राखलेलं रान) खुणावत होतं, राज्यातलं सगळ्यात मोठं, जवळजवळ पाच लाख एकर, फोटो बघून वेड लागतं. पण १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने आत मोटर तर नाहीच, चाकसुद्धा चालत नाही. सायकल नाही, आणि शिकार ओढायची दोनचाकी गाडी मिळते ती पण नाही. पाठ किंवा घोडा, बस्स. घोडेवाले परवानाधारक पॅकर पैसे घेऊन मांस बाहेर काढून देतात, पण ते आधी ठरवायला लागतं, जनावर पडल्यावर सॅटेलाइटवरून मेसेज टाकला आणि घोडा आला असं ते नसतं. शेवटी ठरलं ते साधं नॅशनल फॉरेस्ट, रस्त्यापासून दीड ते दोन मैल, आणि मुद्दाम अशी बाजू की जिथून गाडी उताराच्या खाली राहते, वर नाही. नकाशावर मी लाल रेघ मारलीये, एका ओढ्याची. त्या ओढ्याच्या पलीकडे एल्क उभा दिसला, अगदी आडवा, स्थिर, फोटो काढावा असा, तरी गोळी नाही. कारण पलीकडून प्रत्येक खेप आठशे फूट चढून यायची आहे. सोबत्याला ही रेघ दाखवली तर तो पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने बघायला लागला.

ऑगस्टमध्ये एकदा जाऊन जागा पायाने बघून आलो. नकाशावर जे गवत दिसत होतं त्यातलं एक मैदान म्हणजे आडव्या पडलेल्या मेलेल्या झाडांचा ढीग निघाला. इथे पाइनच्या झाडांना बीटल किड्यांनी खाल्लंय आणि ती हजारांनी पडलीयेत, त्यातून रिकाम्या हाताने जाणंच अवघड, साठ पाउंड घेऊन तर विषयच सोडा. सॅटेलाइटला ते नुसतं करडं दिसतं. ती टाचणी काढली.

पायांचं. डेन्व्हरच्या बाजूला राहिल्याने एक मैल उंचीची सवय फुकटात आहे, पण पाच हजार आणि दहा हजार यात खूप फरक आहे, समुद्रसपाटीवरून विमानाने येऊन दुसऱ्या दिवशी वर चढणाऱ्यांची तर हमखास डोकी दुखतात. आठ हजार फुटांच्या वर ॲक्यूट माउंटन सिकनेस कोणालाही होऊ शकतो, तुम्ही किती फिट आहात याच्याशी त्याचा संबंध नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप नाही इथपर्यंत थांबायचं आणि वर जायचं नाही, पण बसल्या जागी दम लागायला लागला किंवा माणूस तोल जाऊन बडबडायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. आम्ही आधीची एक रात्र नऊ हजारांच्या खाली गाडीजवळच झोपणार आहोत.

व्यायामाबद्दल मी बरंच वाचलं आणि शेवटी दोनच गोष्टी ठेवल्या, पाठीवर वजन घेऊन चालणं आणि पायरीवर चढ-उतर. वजन म्हणजे काय, तर बासमतीच्या वीस पाउंडी गोण्या. आपल्या घरात असतातच, मांसासारख्याच ढिल्या आणि एका बाजूला सरकणाऱ्या असतात, आणि जिममधल्या लोखंडी प्लेटपेक्षा खांद्याला खूप खरं शिक्षण देतात. मार्चमध्ये एका गोणीने सुरुवात केली, आता तीनवर आलोय. शेजारची आजी रोज कुत्रा फिरवताना भेटते, तिने शेवटी न राहवून विचारलं की तू एवढा तांदूळ रोज कुठे नेतोस. एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे ओझ्यासकट उतरणं हे चढण्यापेक्षा वाईट असतं. चढताना छाती फुटते पण ती बसलं की भरते, उतरताना मांड्या आणि गुडघे जातात ते दुसऱ्या दिवशी परत येत नाहीत. म्हणून हातात दोन काठ्या पाहिजेतच, आणि त्या स्टाइल म्हणून नाहीत.

बंदूक. बरं, सांगतो, नाहीतर तुम्ही झोपणार नाही. थर्टी-ऑट-सिक्स, जुनी, बोल्ट ॲक्शन, वापरलेली घेतली. हे काडतूस १९०६ सालचं आहे म्हणूनच त्याचं नाव तसं, आणि शंभर-सव्वाशे वर्षं त्याने एल्क पडतायत. कायद्याने कमीत कमी .२४ कॅलिबर आणि एल्कसाठी ८५ ग्रेनची गोळी लागते, त्याच्या कितीतरी पुढे आहे. रायफलपेक्षा गोळीवर जास्त विचार केला. एल्कचा खांदा जाड असतो, आत जाऊन फुटून तिथेच थांबणारी गोळी नको, म्हणून पूर्ण तांब्याची घेतली. शिशाचे कण मांसात राहत नाहीत हा दुसरा फायदा, घरात लहान पोर खाणार असेल तर तो पहिला फायदा. काडतुसांच्या डब्याची किंमत बघून जीव जातो, पण एक माहितीये का, लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के फेडरल कर आहे आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो राज्यांना वन्यजीवांसाठी परत मिळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले एल्क शिकार करून करून जवळजवळ संपवले होते, रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या भागात तर १९१३-१४ ला यलोस्टोनहून रेल्वेने आणून सोडायला लागले. त्यामुळे रेंजवर दर गोळीला दोन डॉलर उडाले की मी मनातल्या मनात म्हणतो, जाऊदे, एल्कलाच गेले.

रेंजवर बेंचवर बसून, रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून, दोनशे यार्डांवर गोळ्या एका मुठीत येतात. ते बघून फार हुरळून जायचं नाही कारण डोंगरात बेंच नसतो. म्हणून मी बेंच सोडून दिला. बॅकपॅकवर टेकवून पालथा, मांडी घालून, एका गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने. आणि गोळी झाडायच्या आधी जागच्या जागी उठाबशा काढायच्या, छाती धडधडायला लागली की मग नेम. तिथे खरा आकडा कळतो. माझा दोनशे यार्ड आहे. लोक पाचशे-सहाशेच्या गोष्टी सांगतात, यूट्यूबवर तर हजाराच्या, त्यांना शुभेच्छा. एल्कची फुप्फुसं मोठी असतात, खांद्यामागे अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या जरा वर धरलं की जागा आहे, पण वाईट लागलेला एल्क मैलभर सहज जातो, आणि कुठल्या दिशेला जाईल? त्या लाल रेघेच्या पलीकडेच जाणार. म्हणून दोनशे, आडवा उभा किंवा जरा पलीकडे तिरका, मागे दुसरी मादी नाही, आणि उजेड. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधी ते सूर्यास्ताच्या अर्धा तास नंतर चालतं. संध्याकाळच्या त्या शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल आमच्या दोघांत अजून वाद चालू आहे, तो म्हणतो एल्क तेव्हाच निघतात, मी म्हणतो मग अंधारात रक्त शोधत कोण फिरणार. बघू.

वाऱ्याबद्दल थोडं सांगतो कारण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेला भाग तो आहे. एल्कच्या डोळ्यांना फसवता येतं, कानालाही, कारण ते स्वतःच फांद्या मोडत चालतात. नाकाला नाही. डोंगरात हवेचं घड्याळ असतं, सकाळी ऊन लागलं की उतार तापतो आणि हवा वर चढते, संध्याकाळी थंड होऊन खाली घसरते. म्हणजे पहाटे अंधारात हवा खालीच येत असते, तेव्हा खालून वर जायचं, आणि ऊन पसरून हवा उलटायच्या आत त्यांच्या बाजूला किंवा वर पोचायचं. मधला तासभर वारा कुठूनही फिरतो तेव्हा गप्प बसून राहायचं. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवायची, दाबली की कळतं. मी आता घराच्या मागे ट्रेलवर पण ती दाबत चालतो. बायकोने त्यावर मत देणं बंद केलंय.

सामानाची पूर्ण यादी देत नाही, सगळीकडे मिळते. जे मला लक्षात ठेवायला लागलं तेवढं सांगतो. कॉटन काही नको, आतला गंजीसुद्धा नको, भिजलं की वाळत नाही. पाण्याचा पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा गोठला की आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही, म्हणून तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, त्याच्याजवळ गॅसची डबी आणि फोन, त्यामुळे पाय ठेवायला जागा उरत नाही ही वेगळी गोष्ट. हेडलॅम्प दोन, लिथियमच्या बॅटऱ्या, कारण सगळं कापाकापीचं काम हटकून अंधारात होतं. सॅटेलाइट मेसेंजर, ज्यावर घरी रोज रात्री एक ठराविक मेसेज जाणार, नाही गेला तर बायकोने कुठल्या काउंटीच्या शेरीफला फोन करायचा तो नंबर फ्रिजवर लावलाय. बूट जूनपासून घालतोय. केशरी कपडे कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच आणि डोक्यावर टोपी पण केशरी, हा कायदा आहे, २०१६ पासून गुलाबीही चालतो. केशरी बनियन पॅकखाली झाकून गेलं तर पाठीमागून तुम्ही दिसत नाही, म्हणून पॅकवर पण केशरी फडकं, आणि मांस घेऊन चालताना तर नक्कीच, पाठीवर एल्कचा पाय घेऊन झाडीतून चालणारा माणूस लांबून काय दिसेल याचा विचार करा.

खाणं मात्र माझं मी ठरवलं. तो फ्रीझ-ड्राय पाकिटं घेतोय, पंधरा डॉलरला एक, चव पुठ्ठ्याची. मी शेंगदाणा-गुळाचे लाडू, मेतकूट आणि झटपट भात, भाजलेले पोहे, तुपाची छोटी बाटली. ग्रॅममागे कॅलरी मोजल्या तर लाडू महागड्या एनर्जी बारांना आरामात पुरे पडतात. अन्न तंबूपासून लांब टांगायचं, अस्वलं आहेत. काळीच आहेत. ग्रिझलीची इथली शेवटची नोंद १९७९ ची, सॅन वान डोंगरातली. लांडगे मात्र २०२० च्या मतदानानंतर डिसेंबर २०२३ मध्ये परत आणून सोडलेत, त्यावर शिकाऱ्यांमध्ये जेवढी भांडणं होतात तेवढी राजकारणावर पण होत नाहीत, मी त्यात पडत नाही.

आणि आता जनावर पडलंय. टॅगवर सही, तारीख, मग चाकू. पोट न फाडता करायची पद्धत शिकतोय, एका कुशीवर पाडून वरच्या बाजूचं कातडं पाठीच्या कण्यापासून खाली सोलायचं, पुढचा पाय निघतो, त्याला धडाशी हाडाचा सांधाच नाही, नुसता स्नायूंनी जोडलेला असतो, मग मागचा पाय खुब्याच्या खोबणीतून, मग कण्याला लागून असलेली लांब पट्टी, मान, फासळ्यांमधलं, मग उलटवून दुसरी बाजू. आतल्या दोन मऊ पट्ट्या शेवटी बरगड्यांच्या मागून हात घालून काढायच्या. हे वाचून येत नाही. सोबत्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे मेंढा कापायचा होता, तिथे मी हात धुवून घेतले, म्हणजे खरं तर भरवून घेतले. मेंढा आणि एल्क यात वजनाचा खूप फरक आहे पण सांधे त्याच जागी असतात. आणि बदलत्या ब्लेडचे जे चाकू मिळतात ते इतके धारदार आहेत की हातात कट-प्रूफ मोजा घालणार आहे, दोन मैल आत अंधारात बोट कापून घ्यायला मी आलेलो नाही.

मांसाचा शत्रू उष्णता. आपल्याला वाटतं बर्फाळ डोंगर, काय खराब होणार, पण एवढं मोठं शरीर, वर जाड केस, मागच्या पायाच्या हाडाजवळ उष्णता तासन्‌तास अडकून राहते आणि मांस हाडापासूनच आंबायला लागतं. म्हणून कातडं लगेच काढायचं, पाय सुटे करून श्वास घेणाऱ्या कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगायचे, पहिल्या खेपेला मागचे पाय न्यायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं तर संपलं. मादी आहे याचा पुरावा एका तुकड्याला जोडलेलाच ठेवावा लागतो, हाडं काढायच्या नादात तो कापून टाकला तर वॉर्डनसमोर उत्तर नाही. आणि खाण्याजोगं मांस रानात सोडून येणं हा इथे गुन्हा आहे, शिंगं घेऊन बाकीचं टाकून गेलात तर फार मोठा गुन्हा. मला हा कायदा सगळ्यात जास्त पटतो. आईने फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता की मारून खाणार ना रे सगळं, नुसतं हौसेला नाही ना, आणि हो म्हटल्यावर तिला पुढे फक्त मसाला कुठला वापरणार यात रस उरला.

एक तपासणी बाकी राहते. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा हरणांचा मेंदूचा आजार आहे, पहिल्यांदा १९६७ मध्ये इथेच, फोर्ट कॉलिन्सच्या एका संशोधन केंद्रातल्या पाळीव म्यूल डिअरमध्ये दिसला. प्रिऑन म्हणजे एका बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, ते शिजवून मरत नाही. माणसाला झाल्याचा पुरावा नाही पण पॉझिटिव्ह जनावर खाऊ नका असा सरकारी सल्ला आहे. काही युनिटमध्ये डोकं तपासायला देणं सक्तीचं असतं, आमच्यात नाही, तरी देणार. म्हणजे डोकंही पाठीवर आलं, खेपेत आणखी पंधरा-वीस पाउंड, नाहीतर मानेतल्या त्या दोन गाठी नीट काढायला शिकायचं, त्याचा व्हिडिओ बघतोय. निकाल येईपर्यंत मांस वेगळं, नाव घालून, फ्रीझरमध्ये.

फ्रीझरचा विषय घरात अजून मिटलेला नाही. बायको शाकाहारी आहे, तिची अट अशी की तिच्या मटार आणि ओल्या नारळाच्या कप्प्याला हात लावायचा नाही, म्हणून गॅरेजमध्ये सात घनफुटाचा वापरलेला चेस्ट फ्रीझर आणून ठेवलाय, तो सध्या रिकामाच घूं घूं करतोय. मोकळ्या हाताने परत यायची शक्यता भरपूर आहे, या राज्यात साधारण पाचातल्या एकालाच एल्क मिळतो, आणि त्यातही पहिल्या वर्षीच्यांचं काय ते तुम्हीच समजा. नाही मिळाला तर त्यात कणसं भरू असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय. अजून मीटबॅग धुवून वाळवायच्या आहेत, घोडेवाल्या पॅकरला एकदा फोन करून दर विचारून ठेवायचाय, आणि चौथी गोणी. ज्यांना मसाल्याबद्दल मत द्यायचंय त्यांनी द्या, आई कोल्हापुरीवर ठाम आहे, पण एल्कला चरबी जवळजवळ नसते, तेव्हा तेल किती घालायचं ते कोणी मांस शिजवणाऱ्याने सांगा.